चौकटीत छापलेले दहा शब्द

वसुधा गेल्या महिन्यात, बुधवारी सकाळी सव्वासातला, सांगलीतल्या राहत्या घरी हृदयविकाराने गेली. वय एकसष्ट. फोन तिच्या धाकट्या बहिणीचा होता. त्याच दुपारी वसुधा साताऱ्याजवळच्या एका गावात स्मरणशक्तीच्या चाचण्या घ्यायला जाणार होती. त्या चाचण्या तिला पहिल्यापासून पुन्हा घ्याव्या लागत होत्या आणि त्याचं कारण मी होतो.

आम्ही सांगलीत एका वर्गात होतो. ती औषधशास्त्राकडे गेली, मी वर्तमानपत्रात. दोन चेतापेशींमध्ये बारीक फट असते. एकीने सोडलेलं रसायन दुसरीवरच्या ग्राहींवर, म्हणजे ते झेलणाऱ्या जागांवर, बसलं की निरोप पोचतो, आणि असे निरोप पुन्हा पुन्हा गेले की माणूस शिकतो. वय वाढलं की हे ग्राही कमी होतात, की असूनही मंदावतात, हा तिचा आयुष्यभराचा प्रश्न. उंदरांच्या मेंदूतले ग्राही प्रयोगशाळेत मोजता येत. माणसांची फक्त आठवण तपासता येई. त्यासाठी तिने निवृत्त फौजींचं ते गाव धरलं होतं, कारण माणसं वेळ पाळत. दहा शब्द वाचून दाखवायचे, अर्ध्या तासाने विचारायचे. सहा महिन्यांनी पुन्हा तेच शब्द.

मी तिच्या कामावर पुरवणीत लेख केला. वाचकांना चाचणी समजावी म्हणून ते दहा शब्द चौकटीत छापले. छापू नकोस, असं ती म्हणाली नव्हती. मी विचारलंही नव्हतं.

पुढच्या फेरीला मी तिच्याबरोबर गेलो. समाजमंदिरात सत्तरी ओलांडलेले एक सुभेदार समोर बसले. तिने कागद उघडला.

"आवं म्याडम, तुमी कशाला घसा कोरडा करताय? आमीच सांगतो की." आणि त्यांनी सगळे शब्द एका दमात म्हटले.

"सातवा गिळलास रं गड्या!" मागच्या बाकावरून एक जण ओरडला.

"गिळतोय कशाला? तूच भैरा हायस."

लेखाचं कात्रण त्यांनी समाजमंदिराच्या भिंतीला लावलं होतं. रोज सकाळी पाठांतर चाले. "गावाचं नाक हाय म्याडम," सुभेदार म्हणाले. "आमच्यातलं कोण नापास न्हाई व्हायचं."

परतताना कराडजवळ ती म्हणाली, "यांचे ग्राही चांगले आहेत की तुझा पेपर चांगला खपतो... आता मी कसं ओळखू?" थोड्या वेळाने हसली. "म्हातारी माणसं नवं पाठ करतात, एवढं मात्र दिसलं."

ते निबंधात मांडता येण्यासारखं नव्हतं. सातत्य तुटलं, तर वयाबरोबर काय बदललं ते सांगता येत नाही. त्या गावाच्या सगळ्या नोंदी तिने स्वतः बाद केल्या, नवी यादी करून पुन्हा पहिली फेरी घेतली. यादी मला दाखवली नाही.

लेख आला नसता तर तिचं उत्तर तिच्या हयातीत मिळालं असतं का, हे मी तिच्या दोन सहकाऱ्यांना विचारलं. एक म्हणाले, कदाचित. दुसऱ्या बाई तेराव्यानंतर राहिलेल्या चाचण्या घ्यायला गावात गेल्या. मीही गेलो, पण बाहेर थांबलो.

पाऊण तासाने सुभेदार बाहेर आले.

"सहाच आठवलं," ते म्हणाले. "ह्या बारीला पाठ केलं न्हाई. म्याडमनी बजावलं हुतं."

बाईंच्या तक्त्यात नोंद सहा अशी आहे.