उणे दहा टॉवेल

रुग्णालयाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत मावशीला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिनं रोगी फारसे पाहिले नव्हते, त्यांच्या चादरी पाहिल्या होत्या. माणूस घरी गेला की कायमचा गेला, हे चादरीवरून कळत नाही, असं ती म्हणायची, आणि तोंडातली सुपारी दुसऱ्या गालात सरकवायची.

त्या सकाळी डोळ्यांच्या वॉर्डाच्या सिस्टर खाली आल्या त्या पदर खोचल्यासारख्याच.

"मावशी, काल तीस चादरी नि दहा टॉवेल पाठवले होते. परत आल्या वीस चादरी नि वीस टॉवेल. दहा चादरींचे टॉवेल कसे झाले?"

"धुवून आटल्या असतील."

हा विनोद मावशीला महागात पडला. मोठ्या साहेबांनी निरोप धाडला: दुपारपर्यंत हिशेब लावा, नाहीतर उद्यापासून जिने पुसा. जिने सहा मजल्यांचे, आणि मावशीचे गुडघे पहिल्याच मजल्यावर संप करणारे.

गाठोडं जाळीच्या पिशवीत बांधून यायचं आणि न उघडता मशीनमध्ये जायचं. चिठ्ठीवर फक्त 'नग ४०' एवढंच. मावशीच्या वहीत मात्र वजन होतं. आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेलं होतं: कोरडी चादर सातशे ग्रॅम, कोरडा टॉवेल चारशे.

स्टोअरचा क्लार्क धावत आला. त्याची गणितातली पदवी चार वर्षं बादल्या मोजत होती.

"मावशी, दोन अज्ञात, दोन समीकरणं! चादरी क्ष, टॉवेल य. दोन्ही मिळून चाळीस, हे पहिलं समीकरण; दुसरं वजनाचं. आता पहिल्याला चारशेनं गुणू, म्हणजे य दोन्हीकडे सारखा होईल. मग वजा केलं की य गेला!"

"कुठं गेला?"

"नाहीसा झाला."

"बघा, सिस्टर, हाच नाहीसे करतोय."

क्लार्कनं वहीतून एकतीस किलो उचलले, सोळा किलो वजा केले, उरलेल्या पंधराला तीनशे ग्रॅमनं भागलं, आणि पेन्सिल तशीच हवेत राहिली.

"पन्नास चादरी," तो खोल आवाजात म्हणाला. "आणि उणे दहा टॉवेल."

सिस्टरनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे?"

"म्हणजे दहा टॉवेल अजून जन्मायचे आहेत," मावशी म्हणाली, आणि वही हिसकावून घेतली. "अरे शहाण्या! हे एकतीस मशीनमधून काढल्यावरचं. ड्रायरला किती झेपेल ते बघायला घेते मी. नऊ किलो नुसतं पाणी आहे ते! गाठोडं आलं ते वजन शेजारच्या रकान्यात. बावीस."

क्लार्कनं पुन्हा मांडलं. बावीसमधून सोळा गेले, उरले सहा. सहाला तीनशे ग्रॅमनं भागलं, वीस. वीस चादरी, म्हणून टॉवेलही वीस.

"तीस चादरी असत्या," मावशी सिस्टरना म्हणाली, "तर एकवीस किलो चादरींचेच झाले असते, आणि टॉवेलांचे चार वेगळे. पंचवीस. माझ्या दारात आले बावीस. तीन किलो वाटेत हवा खायला गेले का?"

सिस्टर कपाटं बघायला वर गेल्या. तासाभरानं फोन आला: दहा चादरी वॉर्डाच्याच कपाटात, घडीत. पाठवायच्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या जागी दहा टॉवेल जास्तीचे बांधले गेले होते. साहेबांनी जिन्यांचा हुकूम मागे घेतला.

"आता चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहीत जाईन हो, मावशी," सिस्टर फोनवर नरमाईनं म्हणाल्या. "चादरी वेगळ्या, टॉवेल वेगळे."

आता समीकरणाला कामच उरणार नव्हतं; क्लार्कचा चेहरा पडला. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग वजनाच्या काट्याकडे, मग आपल्या गुडघ्यांकडे.

"लिहा, सिस्टर," ती म्हणाली. "पण वजन मी घेणारच. तुमच्या आकड्यांवर आता माझा विश्वास नाही."