दुखत नाही ना, मग चाल!

“घुटना नहीं बचेगा, माताजी.” डॉक्टर मला वैशालीची आई समजून बोलत होते. इन्फेक्शन हाडात उतरलं होतं. मी कुणी आई नव्हे, पण तिला सल्ला दिला होता मी. आणि गुडघा जाणार होता तिचा.

आता पहिल्यापासून सांगते. तुमच्यापैकी कुणी नवा पाय लावला असेल तर नीट वाचा. माझ्यासारखी एखादी अतिशहाणी शेजारी येऊन बसली, तर तिचं किती ऐकायचं ते आधी ठरवा.

माझा उजवा पाय नऊ वर्षांपूर्वी गेला. इथे हिंदी मुलखात, खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या घरापासून चार पावलांवर, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकखाली. गुडघ्याच्या खालून कापला, त्याला बिलो-नी म्हणतात. उरतो तो स्टंप, आणि नकली पायाचा जो पेला त्यावर चढवतात तो सॉकेट. पहिले तीन महिने सॉकेट असा टोचायचा की मी देवालासुद्धा सोडलं नाही. दुखलं की काढायचा, कारागिराकडून आतून घासून घ्यायचा, परत चढवायचा. असं करत करत एक दिवस एकटी सवारीच्या टेंपोत चढले. मग काय, मला शिंगंच फुटली!

पाय बनवतात त्या केंद्रात नवी कुणी रडताना दिसली की मी बाकावर जाऊन बसायचे. रविवारी चार-पाच जणी माझ्या घरी जमायच्या. दार लावून, साड्या वर करून आम्ही एकमेकींचे पाय बघायचो, चहा प्यायचो, नवऱ्यांच्या कागाळ्या करायचो. माझं एक वाक्य ठरलेलं होतं. “दुखत नाही ना? मग चाल!”

वैशाली तिथेच भेटली. एक्केचाळीस वर्षांची, थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी. तिचा पाय शुगरमुळे गेला होता. आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल, मग नडगी. हे तिने मला सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. पण माझ्या लेखी पाय म्हणजे पाय. कसाही गेला तरी गेलाच ना!

तीन आठवड्यांत तिने काठी सोडली. हूं नाही की चूं नाही. “बघा, ह्याला म्हणतात हिंमत!” मी सगळ्यांना सांगत सुटले. अगं बाई, हिंमत कसली, तिला कळतच नव्हतं! न्यूरोपॅथी म्हणतात त्याला. शुगर जुनी झाली की नसा बधिर होतात, जखम झाली तरी दुखत नाही. हा शब्द मी तिच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. “काकू, स्टंपच्या मोज्याला डाग पडलाय. दुखत तर काहीच नाहीये.”

“नवा पाय आहे, कातडं सोलणारच. मलाही सोललं होतं,” मी म्हणाले. “खोबरेल लाव. तीन दिवस निभावून ने, मग दाखवू.”

खरं सांगू? मला तिला मिरवायचं होतं. तिच्या घरी हळदीकुंकवाला लष्कर भागातल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या बायका येणार होत्या. माझी शिष्या कशी चालते ते त्यांना दिसायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून उभी होती. पुरणपोळ्या वाढत होती, वाकून तूप घालत होती. मी पाटावर बसून कौतुक ऐकत होते. तिला आत नेऊन पाय उघडून बघावा, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. चार पावलांवर तर खोली होती.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीचा फोन आला. “आजी, मम्मी को बहुत तेज बुखार है, आणि पायाला घाण वास येतोय.”

मग हॉस्पिटल. एक्स-रे, रक्त, रोज ड्रेसिंग. आठ दिवस मी त्या लोखंडी खुर्चीवर बसून होते. नवव्या दिवशी डॉक्टरांनी गुडघ्याचं सांगितलं. अबव्ह-नी, म्हणजे आता मांडीतून कापायचं. गुडघा असला तर माणूस निम्मा धडधाकट, तो गेला की चालणं पहिल्यापासून शिकावं लागतं.

त्यांनी विचारलं, “दाग दिखते ही क्यों नहीं आए? किसने कहा रुकने को?”

वैशालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मैं ही रुकी थी. घर में पूजा थी.”

आणि मी गप्प बसले. तिचा नवरा शेजारी उभा होता, तरी तोंड उघडलं नाही. सल्ला चुकला तो अज्ञानाने, पण हे गप्प राहणं मी जाणूनबुजून केलं. त्याचीच लाज जास्त वाटते.

तिच्या नवऱ्याला मी सांगितलं, पण महिन्याने. तो एवढंच म्हणाला, “माहीत आहे, काकू. फोन स्पीकरवर होता.” त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवार अजून चालू आहेत. मी बंद करणार होते, वैशालीनेच करू दिले नाहीत. आता चहाच्या आधी हातआरसा फिरतो. स्टंप मागूनपुढून बघायचा, लाल दिसलं की पाय काढायचा आणि केंद्रात जायचं. नव्या बाईला पहिला प्रश्न, पाय कशाने गेला? शुगर म्हणाली की मी हात जोडते. “बाई गं, दुखण्यावर विसंबू नकोस. डोळ्यांनी बघ आणि डॉक्टरांना विचार, मला नको.”

गेल्या रविवारी वैशाली मांडीपासूनचा नवा पाय लावून आली. भिंत धरून एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि थांबली.

“काकू, इथे टोचतंय हो.”

मांडीत जाणीव शिल्लक होती. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं, आणि त्या आनंदाचीही लाज वाटली.

“काढ,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता काढ.”

“अहो, दोनच पावलं झालीत!”

“दोन पुरे,” म्हणत मी तिच्यापुढे खाली बसले आणि पट्टा सोडवायला लागले.