मामांची बोट आणि मामींचा कासरा

माणसाच्या आयुष्यातल्या यच्चयावत अडचणी मोटर लहान पडल्यामुळेच निर्माण होतात, असे छातीठोकपणे सांगणारा या भूतलावर एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. निमोण्याला त्यांची शेती. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर पुरत असली तरी मामा साडेसाताचीच बसवणार. कारखान्याच्या भंगारातली मोटर कुलरला जोडून त्यांनी आमच्या साखरपुड्यात असा वारा सोडला, की पाहुण्यांच्या टोप्या उडून वरणाच्या पातेल्यात पडल्या. "गार तर वाटलं का न्हाई?" एवढेच मामा म्हणाले. मोटर घेताना ते तिचा कागद वाचत नाहीत. बाजारात कोबीचा गड्डा जोखावा तशी हातात धरून जोखतात. जड ती चांगली. आणि ती जळाली, की शिरूरात गल्लोगल्ली तांब्याची नवी तार गुंडाळून मोटरी भरून देणारे असताना हे दौंड गाठणार. का, तर तिथला मिस्त्री "तांबं चोरत न्हाई".

गेल्या साली मामांनी शेततळ्यात मासे सोडले आणि महिन्याभरात, खाद्य फेकताना पाय घसरून, स्वतःही माशांत जाऊन पडले. तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकवर शेवाळ धरले होते. वर यायला हाताला काही लागेना. मामींनी गाईचा कासरा फेकून त्यांना ओढून काढले. तेव्हापासून घरचा कायदाच झाला: मामा तळ्यावर जाणार ते कमरेला कासरा बांधून, आणि दुसरे टोक मामींच्या हातात. पण मामींचे गुडघे गेलेले. तळ्याचा उंच भराव चढताना त्या पावलापावलाला "आई गं" म्हणायच्या. त्यात रस्त्याने जाणारा प्रत्येकजण गाडी हळू करून विचारायचा, "काकू, बैल कवा सोडताय?"

शेवटी मामांचा मला फोन आला. "जावईबापू, इज्जतीचा प्रश्न हाय. खाद्य घेऊन तळ्याच्या मधी जाईल आन् तिथं टाकून परत येईल, अशी रिमोटची बोट करायची. तुम्ही रांजणगावला कंपनीत मेंटेनन्सला, तुम्हाला जमंल." इज्जतीचे ते ठणठणीत आवाजात बोलले. मग आवाज खाली गेला. "हिला चढवत न्हाई वो आता."

फुटक्या फायबरच्या टाकीतून बोटीचा सांगाडा कापला. मोटर निवडायची वेळ आली आणि मामांनी दुकानातली सगळ्यात जड आणि सगळ्यात जोरात फिरणारी उचलली. "इतक्या वेगाच्या मोटरीला पाण्यातला पंखा लहानच लागतो, मामा," असे म्हणून मी तिच्या जोडीचा पंखा पुढे केला. मामांना हसू आवरेना. "ह्यो? अवो, जत्रंतलं भिरभिरं ह्याच्यापरीस मोठं असतंय!" आणि शिरूरच्या एका लेथवाल्याकडून त्यांनी चांगला भाकरीएवढा पंखा करून आणला. चाचणीला निम्मे गाव भरावावर. मामांनी रिमोटचा खटका ओढला. बोटीने नाक वर केले, बूड पाण्यात घातले, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि धूर सोडत पालथी झाली. खाद्य सगळे एका जागी सांडले आणि माशांची पंगत बसली. मामा बोटीकडे झेपावले, मामींनी कासऱ्याला हिसका दिला आणि मामा मटकन खाली बसले. हशा कवठे येमाईपर्यंत ऐकू गेला असेल.

जळालेली मोटर अर्थातच दौंडला गेली. तिथल्या मिस्त्रीने ती उलटीपालटी करून परत दिली. "हिच्यात सुई जायला जागा न्हाई, मी तांबं कुठनं भरू?" परतीच्या वाटेवर मी धीर करून सांगितले, "मोठा पंखा हवा तर मोटर हळू फिरणारी घ्यावी लागते. भरभर फिरणारीला मोठा लावला, की ती ओढता ओढता जळते." मामा म्हणाले, "म्हंजी मी चौथ्या गिअरात नांगर धरला म्हणा की!" आणि या माणसाने जन्मात पहिल्यांदा मुद्दाम लहान मोटर घेतली, हळू चालणारी, तिला शोभेल असा पितळी पंखा. कुणाला दिसू नये म्हणून ती बंडीच्या खिशात घालून घरी आणली.

बोट तुरुतुरु मध्यावर गेली, खाद्य टाकून परत आली. "बरं झालं बाई, सुटले एकदाची," म्हणत मामींनी कासरा खाली टाकला आणि घरी निघून गेल्या.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "जावईबापू, बोट चालंना." ड्यूटी संपवून मी धावत गेलो. सगळे जिथल्या तिथे. खटका ओढताच बोट निघाली. "आत्ता चालतीय," मामा म्हणाले, "सकाळी चालत न्हाई." खाली अंगणात शेंगा फोडत बसलेल्या मामी हसल्या. "बोटीला काय धाड भरलीय? ह्यांचंच एकट्याचं पाऊल उचलत न्हाई!" मामा कासऱ्याची गुंडाळी करू लागले. मुलगा पुण्यात, मुलगी नगरला. या दोघांचा रोजचा एकमेकांसोबतचा निवांत वेळ तो तेवढा तळ्यावरचा, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आले.

परवा गेलो, तर भरावाला पायऱ्या. रुंद, बुटक्या, दगड बसवलेल्या, मामांनी स्वतः खोदलेल्या. पायऱ्यांना मोटर नाही, काही नाही. वर खुर्चीत मामी, हातात रिमोट. पाण्याच्या कडेला मामा नुसतेच उभे, कमरेला कासरा, आणि त्याचे टोक मामींच्या मांडीवर.

"मामा, आता कासरा कशाला?"

"असू द्या," ते बोटीवरची नजर न काढता म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडले, "काकू, बैल कवा सोडताय?"

मामींनी कासऱ्याचा एक वेढा मनगटाला घेतला. "न्हाई सोडत," त्या म्हणाल्या.