हीटरची पिन

गुंद गावातल्या आमच्या घराची मागची भिंत पाडून आम्ही नवी फरशी घालत होतो, तेव्हा कडाक्याची थंडी होती आणि आई न्यूमोनियातून नुकती उठली होती. कामापुरती वीज एकाच तारेवर होती. हीटर आणि फरशी कापायची मशीन एकदम लावली की फ्यूज उडायचा. म्हणून मी मेस्त्रीला बजावलं होतं, अंगणात ऊन येऊन आई तिथं बसल्याशिवाय मशीन लावायची नाही.

एका सकाळी मी दूध घेऊन आले, तर मशीन चालू. पाडलेल्या भिंतीच्या जागी बांधलेल्या ताडपत्रीच्या आड आई कुडकुडत बसली होती आणि हीटर गार पडला होता. मी मशीनची पिन उपटली.

"म्हातारीला गोधडी हाय की," मेस्त्री म्हणाला.

"तुमची आई असती तर?"

आतून आई म्हणाली, "त्येला बोलू नको. हीटर काढ म्हणून मीच सांगितलं. काम लवकर सरू दे."

माझा राग उतरायच्या ऐवजी आणखी चढला. ती सांगेल, पण यानं ऐकायचं? त्या दिवशी मी त्याला तसाच घरी पाठवला. पुढे तो ऊन आल्यावरच यायचा आणि काम आठवडाभर लांबलं. तेवढे दिवस आई माझ्याशी धड बोलली नाही, आणि मीही तिची समजूत काढली नाही.