गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या वसुधाताई

वसुधाताईंची पहिली भेट माझ्या लक्षात राहिली, कारण त्यांनी आम्हाला परत पाठवलं होतं. बाबांचा वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडला होता. नोकरीअखेर हाती आलेली रक्कम हीच आईबाबांच्या म्हातारपणाची सोय. ती कुठे गुंतवावी हे विचारायला मी बाबांना घेऊन ताईंच्या ठाकुर्लीच्या कार्यालयात गेले.

"आई कुठे आहेत?" ताईंनी पहिलं हेच विचारलं.

"तिला यातलं काही कळत नाही," बाबा म्हणाले.

"मग त्यांना कळेल असं बोलू. पुढच्या वेळी घेऊन या. त्याआधी आणखी दोघा सल्लागारांना भेटा. प्रत्येकाला एकच विचारा, आमच्या फीशिवाय तुम्हाला आणखी कोण पैसे देतं? मलाही विचारा."

जिना उतरताना बाबा वैतागले. "अगं, या बाईंनी दुकान उघडलंय की बंद केलंय?"

आमचे मामा एक योजना घेऊन घरी खेपा घालत होते. आईने चहा ठेवता ठेवता त्यांनाच तो प्रश्न टाकला. "अक्का, घरच्या माणसाला असं विचारतात काय?" म्हणत मामा जे उठले, ते दिवाळीपर्यंत फिरकले नाहीत. ठाण्यातल्या दुसऱ्या सल्लागारांनी उत्तराऐवजी कॅलेंडर दिलं. मग आईनेच ताईंना विचारलं. "कोणीच नाही, कुठल्या कंपनीचं कमिशनही नाही," ताई म्हणाल्या आणि तसं लिहून सही केली. आईबाबांचा संसार आजही त्या दिवशीच्या सल्ल्यावर सुखाने चालला आहे.

पुढे मी ताईंच्याच हाताखाली हे काम शिकले. सल्ला दिल्यावर ताई म्हणत, "आता तुम्ही मला समजावून सांगा." ते जमेपर्यंत गिऱ्हाइकाची सही घ्यायच्या नाहीत. टिटवाळ्याचं एक जोडपं त्यापायी पुन्हा पुन्हा येत होतं, आणि मी कंटाळले होते. ताईंनी मला बाजूला घेतलं. "त्यांना कळत नाही म्हणजे आपल्याला सांगता येत नाही." ताईंचा हट्ट भारी, आणि त्या हट्टावर माझं मनापासून प्रेम आहे.

पंचाहत्तरीनिमित्त ताईंनी काम थांबवलं. गेल्या महिन्यात त्या काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, घेऊन माझ्या कल्याणच्या कार्यालयात आल्या आणि चक्क गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या.

"आमच्या फीशिवाय तुला आणखी कोण पैसे देतं गं?"

मी खुर्चीत सावरून बसले. "कोणी नाही, ताई."

"लिहून दे."

मी दिलं. कागद पर्समध्ये ठेवत त्या उठल्या. "आणखी दोघांना भेटते, मग कळवते."

अजून कळवलेलं नाही. ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि काकांसोबतची ही विश्रांती सुखाची जावो. दुसऱ्या कुणाकडे गेल्या, तर तो माणूस नीट पारखलेला असेल, याची मला खात्री आहे. तरीही, ताई, मी फोनची वाट पाहते आहे.