केसरबाई बत्ती धरणार नाही

माझी माय, केसरबाई, लई चिडकी आहे असं आमच्या गारखेड्याच्या सोसायटीत सगळे म्हणतात. म्हणू देत. जिन्यात कोणी मोबाइलचा टॉर्च तोंडावर मारला की ती खेकसते. लग्नाची पत्रिका द्यायला कोणी आलं तर पत्रिका हातात घ्यायच्या आधीच "मला नाय यायचं" म्हणून मोकळी होते. खालून वरात चालली की गॅलरीचं दार असं आपटते की शेजारच्यांचं पोर दचकून उठतं. तिची मान डावीकडे पुरती वळत नाही. डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत. मी त्यांना झिजायचं कारण सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांची मान चांगली हलते.

आम्ही आधी छावणी भागात राहायचो. तिथल्या एका बँडवाल्याकडे माय बत्ती धरायला जायची. ज्यांनी ही बत्ती पाहिली नाही त्यांना सांगते. म्हणायचे गॅसबत्ती, पण आत असायचं रॉकेल. पंप मारून हवा भरायची, वर मेंटल बांधायचं, म्हणजे जाळीची छोटी पिशवी, आणि ती पेटली की पांढराशुभ्र उजेड पडायचा. बत्ती सारखी फुसफुसायची. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर ही तापलेली बत्ती घ्यायच्या, एक हात वर करून धरायच्या आणि वरातीच्या दोन्ही अंगांनी रांगेनं चालायच्या. मधल्या उजेडात वऱ्हाड नाचायचं. बँडवाल्यांना लाल कोट आणि सोनेरी पट्ट्यांच्या टोप्या होत्या. बत्तीवाल्या बायकांना घरचंच लुगडं.

चालणं सोपं होतं, माय सांगते. अवघड होतं थांबणं. नवरदेवाचा मामा रंगात आला की वरात जागची हलायची नाही. तो नाचतोय, लोक त्याच्यावर नोटा ओवाळतायत, आणि इकडे ही बाई मान ताठ करून उभी. बत्ती हलली तर रॉकेल अंगावर यायचं. नाक खाजवायची सोय नाही. कोणी पाय तुडवला तरी खाली बघायची सोय नाही. "ए बत्तीवाली, पुढं सरक!" एवढंच नाव. केसरबाई म्हणून तिला एकाही वरातीत कोणी हाक मारली नाही. जेवणाचं म्हणाल तर सगळं वऱ्हाड उठल्यावर, मांडवाच्या मागे, उरलं असेल ते. हे मी सहसा सांगत नाही.

पुढे ट्यूबलाइटच्या चौकटी आल्या, जनरेटरची गाडी आली. माझी नोकरी लागल्यावर मायनं ते काम सोडलं, छावणीही सोडली. मी आता वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आमचे साहेब शंतनू सर. माणूस वाईट नाही. पण सगळं जग आपल्यासाठीच हसतंय अशा समजुतीत वाढलेला आहे, आणि त्या समजुतीला आजवर कोणी धक्का लावलेला नाही.

या डिसेंबरात सरांनी टूम काढली की म्हैसमाळला डोंगरावर तंबू ठोकून एक रात्र काढायची. घरच्यांनाही आणायचं. त्यांच्या लग्नाचा वाढदिवसही त्याच दिवशी होता. ग्रुपवर त्यांनी कामं वाटून टाकली: कोणी तंबू, कोणी चटया, कोणी भाकरी. माझ्या वाट्याला आला गॅसचा कंदील. "चार्जिंगचे दिवे आणू नका, माहोल पाहिजे," असं खाली लिहिलं होतं.

मला राग यायला हवा होता. पण मला एकदम वेगळंच सुचलं. मायला घेऊन जायचं. कंदील जमिनीवर ठेवायचा, तिला खुर्चीत बसवायचं, तिच्या हातात काही द्यायचं नाही. माझी माय उजेडात नुसती बसलेली मला एकदा बघायची होती. बाकी त्या पिकनिकमध्ये मला काडीचाही रस नव्हता.

म्हणून कंदील मी जीव लावून निवडला. निराला बाजाराकडच्या एका दुकानात दोन तऱ्हेचे मिळाले. एकाला काच, दुसऱ्याला स्टीलची जाळी. काचेच्याचा उजेड सगळीकडे सारखा पडतो, पण काच घाटात आदळली की संपली. मी जाळीचा घेतला. गॅसच्या डब्या पण दोन तऱ्हेच्या असतात. एक टोचून बसवायची, ती संपेपर्यंत काढता येत नाही. दुसरी आट्यांची, फिरवून लावा, फिरवून काढा. प्रवासात डबी वेगळी ठेवता आली पाहिजे, म्हणून आट्यांची घेतली. बटण दाबलं की ठिणगी पडणारा, कळ फिरवून उजेड कमीजास्त करता येणारा, ओंजळीत मावेल एवढासा कंदील. दुकानदार म्हणाला, "ताई, बस तंबूच्या आत लावू नका, जीव गुदमरतो." त्याला सांगितलं, आतबित काही नाही, उघड्यावरच लावायचाय.

घरी पिशवीतून तो बाहेर काढला आणि मायचा तोल गेला.

"ही बत्ती कशाला आणली घरात?"

"बत्ती नाही गं, कंदील आहे. पिकनिकला."

"मला शिकवू नको. मेंटल हाय ना हिला? मग बत्तीच हाय. एवढी शिकली, साहेबीण झाली, आन् पैसे देऊन बत्ती इकत आणली? त्यांच्या पुढं उजेड धरायला?"

"धरायची नाही, माय. खाली ठेवायची."

"आधी खालीच ठेवत्यात," ती म्हणाली आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली.

मी गच्चीवर मेंटल बांधायला बसले. कागदावर लिहिलं होतं की आधी गॅस न सोडता मेंटल नुसतं जाळून घ्या, त्याची पांढरी राख झाली की मग पेटवा, आणि राख झालेल्या मेंटलला बोट लावू नका. माझ्यानं पहिलं फाटलं. दुसरं जाळलं आणि नीट बसलंय का म्हणून बोट लावलं, त्याचा भुगा झाला. माय गच्चीच्या दारात येऊन उभी होती. तिनं असली मेंटलं किती बांधली असतील! मी म्हटलं, सांग ना जरा. ती म्हणाली, "मला नाय येत." तोंडावर धडधडीत खोटं. तिला शिकवायचंच नव्हतं, आणि मला ते इतकं पटलं की मी पुन्हा विचारलं नाही. तिसरं मेंटल बसलं. कंदील फुसफुसत पेटला आणि माय तो आवाज ऐकताच दोन पावलं मागे सरकली.

रात्री जेवताना तीच म्हणाली, "येते मी. पर एक सांगते. मी बत्ती धरणार नाय. कोणासाठी बी नाय. कोणी मरत असंल तरी नाय."

"कबूल," मी म्हणाले.

म्हैसमाळला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. वारा बोचरा होता. तंबू लागले, चटया पसरल्या, तोवर अंधार पडला. मी एक सपाट दगड बघितला, डबी फिरवून बसवली, वाऱ्याकडे पाठ करून कंदील पेटवला. मायला खुर्ची दिली. तिनं शाल पांघरली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. उजेड तिच्या तोंडावर पडला होता. मी तिच्याकडे बघत बसले. वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. सगळं इतकं छान चाललं होतं.

मग सरांनी स्पीकरवर बँडची गाणी लावली. "आमची वरात परत काढू या!" सगळे उठले. सर नवरदेव, त्यांची बायको सावनी नवरी. कोणीतरी चटईची घोडी केली. हसणं, शिट्ट्या. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. तेवढ्यात सावनी ओरडली, "अरे, वरातीत बत्तीवाली पाहिजे ना! ती डोक्यावर लाइट घेतलेली!" तिनं ओढणीची गुंडाळी केली, डोक्यावर ठेवली, दगडावरचा पेटलेला कंदील उचलला आणि डोक्यावर घेतला. कंबर हलवून, तोंड वेडंवाकडं करून ती बत्तीवालीची नक्कल करत चालू लागली. सर पोट धरून हसत होते. एकानं मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला.

माझ्या कानशिलात गरम वाफ गेल्यासारखं झालं. आधी मायकडे बघितलं. तिचा चेहरा दगड झाला होता. पण ती सावनीच्या तोंडाकडे बघत नव्हती, कंदिलाकडे बघत होती. खाली इवलीशी डबी, वर जळतं मेंटल, बाजूला मोकळे सुटलेले केस, आणि वारा. कंदील कलला.

"मॅडम, भाजेल!" मी धावले. माझ्या आधी माय पोचली. साठीची बाई, गुडघे धरून जिना उतरणारी, ती खुर्चीतून कधी उठली ते मला दिसलंसुद्धा नाही. तिनं खालून डबी पकडली आणि कंदील सावनीच्या डोक्यावरून अलगद उचलून घेतला. केसाला झळ लागू दिली नाही.

थँक्यू म्हणायचं, खाली ठेवायला सांगायचं, संपलं असतं. पण सावनी टाळ्या वाजवत ओरडली, "वा काकू! तुम्हाला काय मस्त जमतंय!"

"काकू, हलू नका, अशाच उभ्या राहा!" सर म्हणाले. "फक्त दोन मिनिटं. व्हिडिओ भारी येतोय. रूपा, तुझी आई एकदम ओरिजिनल आहे यार!"

आणि ते तिच्याभोवती नाचायला लागले. मायचा हात वर गेला. कोणी सांगितलं नव्हतं, तो आपोआप वर गेला, डोक्याच्याही वर, आणि तिची ती झिजलेली मान ताठ झाली. मी बघत होते. जे बघायला मी तिला आणलं होतं ते नाही, मी जन्मभर ज्याच्यापासून पळाले ते बघत होते. त्या क्षणी मला त्या सगळ्यांना डोंगरावरून ढकलून द्यावंसं वाटलं. माझ्या साहेबालासुद्धा. त्याला तर आधी.

मायनं दुसरा हात वर नेला आणि कळ फिरवली. फुसफुस थांबली. मेंटल क्षणभर लाल दिसलं आणि मिट्ट काळोख झाला. स्पीकरवर बँड चालूच होता.

"नाचा आता," माय म्हणाली.

कोणीतरी चटईला अडखळून पडलं. गाणं बंद झालं.

"काकू, चुकून बंद झाला का?" सरांचा आवाज.

"चुकून नाय. हातानं केला. म्या वरातीत बत्ती धरत व्हते. सारी जवानी धरली. छावणीत, गुलमंडीला, कुठं नाय? तुमच्या घरच्या लग्नात बी धरली असंल."

"सॉरी काकू," सावनी म्हणाली. "आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही नुसती गंमत करत होतो."

"व्हय. तवा बी गंमतच चालली व्हती."

मग सर मला म्हणाले, अगदी ऑफिसातल्या आवाजात, "रूपा, लाव बरं तो. कंदील तुझ्याकडे दिलाय ना?"

"नाही लावणार, सर."

सरांनी वैतागून मोबाइलचा टॉर्च लावला. तो नेमका मायच्या तोंडावर पडला. आता ती खेकसणार म्हणून मी थांबले. ती खेकसली नाही. तिनं विझलेला कंदील दगडावर ठेवला, चाचपत जाऊन खुर्चीत बसली, शाल सारखी केली.

"रूपा, वाढ मला. भूक लागली."

मी ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. तिनं ते मांडीवर घेतलं आणि सरांकडे बघितलं.

"तोंडावर नको. इकडं ताटावर धर."

सर बावचळले. पण पुढे आले आणि त्यांनी मोबाइल तिच्या ताटावर धरला.

"जरा वर. डोक्याच्या वर. हां. हलवू नको."

ती जेवायला लागली. घाई नाही. एकेक घास नीट चावून. आजूबाजूला सगळे उभे होते, सावनी ओढणी हातात धरून. सरांचा हात खाली यायला लागला.

"वर," माय म्हणाली.

हात वर गेला. मी तिला दुसरी भाकरी वाढली.