शरदिनीबाईंचा जर्मन रिसाला

ब्रह्माघाटावरच्या मराठी बायका शरदिनीबाई टोकेकरांना आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही 'जर्मनबाई' म्हणू लागल्या. त्याचं बाईंना वाईट वाटत नसे. "आहेच मी," असं म्हणून त्या पुढच्या कामाला लागत.

काशीतल्या शास्त्र्याच्या मुलीला जर्मन आलं कसं? त्यांचे वडील काशीनाथशास्त्री गोविलकर व्याकरण शिकवायचे. १९०४ साली त्यांच्याकडे ब्रांट नावाचा एक जर्मन शिकायला आला. उंचापुरा, पण उजव्या पायानं लंगडणारा. तरुणपणी तो भालाईत स्वारांच्या रिसाल्यात अधिकारी होता. घोडा अंगावर पडून पाय गेला, नोकरी गेली, आणि अंथरुणात पडल्यापडल्या हातात संस्कृतचं पुस्तक आलं. तेवढ्या धाग्यावर तो काशीपर्यंत येऊन पोचला होता.

शास्त्रीबोवा सोवळ्याचे पक्के. ब्रांटला बाहेरच्या ओसरीवर बसायची मुभा, आत नाही. पाठ चालू असताना दहा वर्षांची शरदिनी उंबऱ्याच्या आत बसून वाती वळायची आणि ऐकायची. एकदा ब्रांटचं रूप चुकलं, आणि आतून बारीक आवाजात बरोबर रूप आलं. शास्त्रीबोवा कानकोंडे झाले. ब्रांट मात्र खूश झाला. "गुरुजी," तो संस्कृतातच म्हणाला, "तुम्ही मला तुमची भाषा देता. मी हिला माझी देऊ का?"

शास्त्रीबोवांनी दोन दिवस विचार केला. विद्या फुकट घेऊ नये आणि परत करणाऱ्याला अडवू नये, असं काहीसं पुटपुटत त्यांनी हो म्हटलं.

ब्रांटपाशी कोशाखेरीज एकच जर्मन पुस्तक होतं: त्याच्या जुन्या रिसाल्याची हकिकत सांगणारं, निळ्या पुठ्ठ्याचं, बोटभर जाडीचं. त्यावरच शिकवणी सुरू झाली. त्यामुळे झालं काय, की भाकरीला आणि पाण्याला जर्मनमध्ये काय म्हणतात हे कळायच्या आधी शरदिनीला खोगीर, रिकीब, लगाम, नाल, घोड्याचा पुढचा उजवा खूर असले शब्द तोंडपाठ झाले. तीन वर्षांनी ब्रांट मायदेशी निघाला तेव्हा ते पुस्तक, रिसाल्याच्या कवायतीचा एक फोटो आणि आपल्या जुन्या कोटाची खांद्यावरची पट्टी तिच्यासाठी ठेवून गेला.

पुढे तिचं लग्न झालं, तेही दोन गल्ल्या पलीकडेच. नवरा वेणीमाधवराव शाळेत गणित शिकवायचे. स्वभावानं भला माणूस, पण घाबरट. १९१४ साली लढाई पेटली आणि त्यांची झोप उडाली.

"अगं, ते जर्मन सामान गंगेत सोड," ते रोज म्हणत. "उद्या कुणी चुगली केली तर? मी नोकरदार माणूस."

चुगली झालीच. एक जमादार येऊन घर बघून गेला. कपाट उघडलं, देवघरात डोकावला, पोथ्या हलवून पाहिल्या. पुस्तक, फोटो आणि पट्टी त्या वेळी पापडाच्या डब्यात, पापडांच्या खाली होती. जमादार गेल्यावर वेणीमाधवराव पापडाच्या डब्यापुढं बसून घाम पुसू लागले. बायकोनं त्यांना पाणी दिलं आणि ती म्हणाली, "माझ्या बाबांनी ज्याला शिष्य म्हटलं त्याची आठवण आहे ती. त्यानं काही कुणाला मारायला पट्टी दिली नव्हती." त्यानंतर नवऱ्यानं तो विषय काढला नाही.

लढाई संपली. १९२० च्या कार्तिकात शरदिनीबाई ठठेरी बाजारात मोडीची भांडी द्यायला गेल्या होत्या. भांडी घडवणाऱ्या कसेऱ्याच्या दुकानात एका कोपऱ्यात जुन्या पितळेचा ढीग होता: फुटके गडू, वाकलेल्या समया, घंटांचे तुकडे. त्या ढिगात एक पंख दिसला. बाईंनी हात घालून तो तुकडा ओढून काढला. पंख पसरलेला गरुड, तळहाताहून मोठा. ब्रांटच्या फोटोत प्रत्येक स्वाराच्या टोपीवर होता तोच. त्याच्या छातीवर कोरलेली जर्मन ओळ त्यांनी तिथंच उभ्यानं वाचली. उलटून पाहिलं तर पाठीवर सुईनं खरवडलेलं नाव: एमिल राडेमाखर.

"बहूजी, ये तो गलाने का माल है," कसेरा म्हणाला.

"हे वितळवायचं नाही," बाई म्हणाल्या. "कुणी आणलं ते सांगा."

कसेऱ्याला आठवत होतं. गंगेपलीकडे चुनारच्या वाटेवरल्या गावातली एक ठकुराईन नवा लोटा घ्यायला आली होती, तिनं बदल्यात दिला. तिचा नवरा विश्वेश्वर सिंह फ्रान्सात लढून आलेला स्वार.

पुढच्या रविवारी टोकेकर नवराबायको नावेनं पलीकडे गेले, तिथून एक्का गाडीनं त्या गावी. वेणीमाधवराव सारखे म्हणत होते, "विचारायचं काय आपण? कुठल्या नात्यानं विचारायचं?" बाईंनी मोडीच्या बदल्यात घेतलेला गरुड पिशवीत घट्ट धरला होता.

विश्वेश्वर सिंह अंगणात म्हशीला वैरण घालत होता. चाळिशीचा, दणकट, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. गरुड पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"आप लोग पुलिस से हैं?"

"नाही हो," बाई हिंदीत म्हणाल्या. "मला एवढंच विचारायचंय, हा कुणाचा?"

त्यानं बाज ओढून पाहुण्यांना बसवलं. मग सांगू लागला. १९१७ च्या वसंतात जर्मन मागे सरकले आणि कितीतरी दिवसांनी घोड्यांना मोकळं रान मिळालं. एका उजाड गावाच्या कडेला त्याच्या तुकडीची आणि चारपाच जर्मन स्वारांची अचानक गाठ पडली. क्षणभराचा मामला. बाकीचे पळाले. एक जण घोडीखाली अडकला, पोटात भाला गेलेला. विश्वेश्वर सिंह खाली उतरला, त्याला पाणी पाजलं. तो काहीतरी बोलत होता, पुन्हा पुन्हा तेच. मग थांबला. घोडीही गेली. त्याच्या खोगिराच्या पिशवीत हा गरुड होता, फडक्यात नीट गुंडाळलेला. "लोखंडी टोप आले होते तेव्हा. याचं काम नव्हतं. तरी जपून ठेवलेला. म्हणून मीही टाकला नाही." घरात मेलेल्याची वस्तू नको, म्हणून बायकोनं तो देऊन टाकला होता.

"आणखी काही होतं?" बाईंनी विचारलं.

तो उठला आणि गोठ्यातल्या कोनाड्यातून एक लहानशी वही घेऊन आला. मेणकापडाचं वेष्टन, आत शिसपेन्सिलीचं अक्षर. "हे बायकोला ठाऊक नाही. तुम्हाला वाचता येतं? मग सांगा मला, कोण होता तो."

बाईंनी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. वाचायला लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की यातला एकही शब्द अडत नाही. "लिहिलंय," त्या सावकाश सांगू लागल्या, "लीझेच्या पुढच्या उजव्या खुराचा नाल सैल झालाय. नालबंद उद्या येणार. खोगिराखालचं फडकं ओलं आहे, आज वाळवलं पाहिजे. लीझे दोन दिवस नीट खात नाही, मला तिची काळजी वाटते."

"लीझे?"

"घोडी."

"लीझे," विश्वेश्वर सिंहनं तो शब्द जिभेवर घोळवला. "तेच म्हणत होता तो. मला वाटलं, बायकोचं नाव असेल." आणि तो दणकट माणूस पंच्यात तोंड खुपसून रडला. त्याच्या स्वतःच्या घोड्याचं नाव काय होतं, हे वेणीमाधवरावांनी हळूच विचारलं. "हीरा," तो म्हणाला. त्यानंतर ते दोघे घोड्यांविषयीच बोलत राहिले. गणिताच्या मास्तरला घोड्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यानं मान डोलवून सगळं ऐकून घेतलं.

घरी येऊन बाईंनी ब्रांटला पत्र लिहिलं, तेरा वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर. उत्तर यायला पाच महिने लागले. अक्षर थरथरतं होतं, पण ब्रांटचंच. रिसाला आता राहिला नाही, त्यानं लिहिलं होतं. तहानंतर मोडून टाकला. उरलेले म्हातारे स्वार गावातल्या एका खाणावळीच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा जमतात. जुने फोटो, पट्ट्या, रिकिबी, पत्रं, जे हाताला लागेल ते तिथं गोळा करतात, कोण कुठं पडला त्याची यादी करतात. राडेमाखरच्या नावापुढं फक्त 'बेपत्ता' असं आहे. त्याची बहीण हेडविग अजून दर महिन्याला येऊन विचारून जाते.

आता गरुड आणि वही हेडविगला पाठवायची हे ठरलंच. पण सोबत काय लिहायचं? बाई पुन्हा चुनारच्या वाटेला गेल्या. विश्वेश्वर सिंह सांगत गेला, त्या उतरवत गेल्या. मध्येच तो थांबला.

"भाला आमच्या तुकडीचा होता. माझा की शेजारच्याचा, मला आजही सांगता येत नाही. हे लिहायचं का?"

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "तुम्ही म्हणाल तसं लिहीन," त्या म्हणाल्या. "पण चार वर्षं जी विचारते आहे, तिला अर्धंच सांगायचं का?"

त्यानं वैरणीची एक काडी मोडली. "लिहा. आणि पाणी पाजलं हेही लिहा. दोन्ही लिहा."

हेडविगचं उत्तर आलं ते चार ओळींचं. तुमच्या स्वारानं खरं सांगितलं, म्हणून पाण्याचंही मला खरं वाटलं, असं तिनं लिहिलं होतं. खाली वाकड्या देवनागरीत, बहुधा ब्रांटनं गिरवायला दिलेलं, 'विश्वेश्वर' एवढंच. ते पान विश्वेश्वर सिंहनं चौकट करून ओसरीत लावलं. बायकोनं हरकत घेतली नाही.

इथून बाईंच्या कामाला खरी सुरुवात झाली. विश्वेश्वर सिंह आपल्या ओळखीच्या जुन्या स्वारांना पाठवू लागला. कुणी बटण आणलं, कुणी पट्ट्याचा हूक, कुणी रिकीब, कुणी भाल्यावरच्या निशाणाची फाटकी चिंधी. त्यातलं सगळंच काही त्या एका रिसाल्याचं नसे. बाई निळं पुस्तक उघडून ताडून बघत आणि प्रत्येक वस्तू कुठं मिळाली, कुणी आणली, हे चिठ्ठीवर लिहून तिला दोऱ्यानं बांधत. ज्यावर नाव असेल ते जर्मनीला जाई, बिननावाचं इथं राही. चैत्रात गौर बसवली की आरास मांडायची असते. बायका खेळणी, शिंपले, काचेचे प्राणी मांडतात. शरदिनीबाईंनी १९२२ साली गौरीपुढं घोडेस्वारांचा फोटो, बटणं आणि रिकीब मांडली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांच्या शेजारच्या अन्नपूर्णाकाकूंनी भिजवलेली डाळ खाता खाता विचारलं, "या पोरांच्या आया अजून असतील का गं?" आणि हसणं थांबलं. पुढच्या वर्षी गल्लीतले पुरुषही काही ना काही निमित्त काढून दाराशी घुटमळले.

१९२४ मध्ये ब्रांटचं एक छोटं पार्सल आलं. आत तांब्याचं मारुतीचं पदक आणि काळवंडलेल्या कागदाची घडी. रिसाल्यातल्या क्रूगर नावाच्या जुन्या नालबंदाला ते फ्रान्सच्या शेतात सापडलं होतं. तुम्ही आमचं परत पाठवता, तर आमच्याकडचं तुमचं आमच्याजवळ का राहावं, असा त्याचा प्रश्न होता. कागदावरची लिपी ब्रांटला येत नव्हती. बाईंनाही येईना. वेणीमाधवराव तो कागद घेऊन स्वतःहून कचेरीबाहेरच्या लेखनिकाकडे गेले. ती कैथी निघाली, इकडच्या कारकुनांची लिपी. रामजतन, आणि गाझीपूरकडच्या एका गावाचं नाव.

"कधी निघायचं?" परत आल्यावर त्यांनीच विचारलं. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. पापडाच्या डब्यापुढं घाम पुसणारा माणूस हाच का, असं त्यांच्या मनात आलं.

रामजतनची आई झोपडीपुढं उन्हात बसली होती. दृष्टी मंदावलेली. मुलगा गेल्याचा सरकारी कागद तिला मिळाला होता, त्यापलीकडं काही नाही. विश्वेश्वर सिंह बरोबर आला होता. त्यानं तिच्या बोलीत सगळं समजावून सांगितलं. बाईंनी पदक तिच्या तळहातावर ठेवलं. म्हातारीनं अंगठ्यानं मारुतीची गदा चाचपली, शेपूट चाचपली, मग कडा. रडली नाही.

"हे घासलेलं आहे," ती म्हणाली. "सात वर्षांत तांबं हिरवं पडतं. कोण घासत होतं?"

बाईंनी ब्रांटचं पत्र पुन्हा काढलं. त्यात ते होतंच. क्रूगर ज्या दिवशी आपल्या रिसाल्याच्या रिकिबी घासायला बसे, त्या दिवशी हेही घासत असे.

"त्याला मुलं आहेत?"

"दोन मुलगे होते. दोघंही लढाईत गेले."

म्हातारीनं पदक पदराच्या गाठीत बांधलं आणि आत हाक मारून सुनेला गूळ-पाणी आणायला सांगितलं. "तुम्ही त्याला चिठ्ठी लिहिता ना? लिहा, की रामजतनच्या आईनं आशीर्वाद सांगितलाय. आणि विचारा, त्याच्या पोरांची नावं काय, त्यांचं काही इकडं आलंय का. आमच्या गावातून चौदा जण गेले होते. मी घरोघर विचारते."

शरदिनीबाईंनी पिशवीतून कागद आणि दौत काढली, मांडी घातली आणि तिथंच अंगणात लिहायला सुरुवात केली. वेणीमाधवराव वाऱ्यानं उडू नये म्हणून कागदाचं टोक धरून बसले होते.